'>' ने जुनी फाइल न विचारता पुसावी का?

धागाकर्ता: शेलमध्ये, म्हणजे टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, '>' हे चिन्ह आज्ञेचे आउटपुट फाइलमध्ये लिहिते. तिथे 'सॉर्ट यादी > यादी' अशी आज्ञा दिली, तर क्रमवार लावलेली यादी मिळत नाही, रिकामी फाइल मिळते, कारण सॉर्ट सुरू होण्यापूर्वीच शेल '>' पाहून ती फाइल उघडतो आणि शून्य बाइटांची करून ठेवतो, त्यामुळे सॉर्टला वाचायला काही उरतच नाही. '>>' (जुन्या मजकुराच्या शेवटी नवा जोडणारे चिन्ह) याऐवजी चुकून '>' लिहिल्यानेही जुना मजकूर असाच जातो. पोसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात 'नोक्लॉबर' हा पर्याय आहे. तो चालू असताना आधीपासून असलेल्या साध्या फाइलवर '>' वापरल्यास शेल नकार देतो आणि पुसायचेच असेल तर '>|' लिहावे लागते. हा पर्याय मुळातच चालू असायला हवा.

प्रतिसाद १: असहमत. रोज तीच अहवाल-फाइल नव्याने लिहिणाऱ्या असंख्य स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइली) '>' च्या आजच्या अर्थावर उभ्या आहेत. त्या दुसऱ्याच दिवशी थांबतील. शिवाय हे संरक्षण अपुरे आहे, कारण नोक्लॉबर फक्त शेलच्या पुनर्निर्देशनाला, म्हणजे आउटपुट फाइलकडे वळवण्याला, लागू होतो आणि 'टी', 'सीपी', 'एमव्ही' या फाइल लिहिणाऱ्या, नकलणाऱ्या आणि हलवणाऱ्या आज्ञांना त्याचा पत्ताही नसतो. सॉर्टपुरते म्हणाल, तर त्याला निकाल कुठल्या फाइलमध्ये लिहायचा ते सांगणारा '-ओ' हा पर्याय आहेच आणि तो मूळ फाइलवर सुरक्षितपणे चालतो.

धागाकर्ता: स्क्रिप्टांचा मुद्दा मान्य. मग फक्त संवादी शेलमध्ये तो चालू ठेवावा. तिथे आज्ञा माणूस टंकत असतो आणि घाईही त्याचीच असते. '/डेव्ह/नल' (लिहिलेले सारे टाकून देणारी खास फाइल) ही साधी फाइल नसल्याने नको असलेले आउटपुट तिकडे वळवण्यात अडथळाही येत नाही.

प्रतिसाद २: मला भीती नेमकी त्याचीच वाटते. स्वतःच्या यंत्रावर शेल अडवेल याची सवय जडलेला माणूस दुसऱ्याच्या सर्व्हरवर, जिथे नोक्लॉबर बंद आहे, तिथे निर्धास्तपणे '>' लिहितो. मी दोन वर्षे तो चालू ठेवला होता आणि अखेरीस बोटे विचार न करता '>|' च टंकू लागली, तेव्हा काढून टाकला.

धागाकर्ता: तो दोष बोटांचा झाला. तरीही पहिल्या वेळी मिळणारा नकार मला हवा आहे, कारण पुसलेली फाइल शेलकडून परत मागता येत नाही.