महाभारतात सगळे रथातून लढतात, मग पुढे लढाईतले रथ गेले कुठे?

प्रश्न : कट्ट्यावरचा
कुणाला माहिती असेल तर सांगा. महाभारतात बघावं तो रथात, अर्जुन, कर्ण, भीष्म, द्रोण, प्रत्येकाचा ध्वज वेगळा, सारथी वेगळा. आणि महाराजांच्या काळात यावं तर लढाईत एक रथ नाही, सगळं घोडदळ. मधे झालं काय नक्की? रथ उलट भारी ना, एक जण हाकतोय, दुसरा निवांत उभा राहून बाण सोडतोय. आणि सिनौलीच्या रथामुळे महाभारत सिद्ध झालं असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय, ते कितपत खरं?

आडवाटेचा
आधी टीव्हीतला तो सोनेरी पत्रा ठोकलेला रथ डोक्यातून काढा. तसला रथ घेऊन लढायला गेलात तर घोडेच आधी बसतील. खरा लढाऊ रथ एकदम हलका असायचा. इजिप्तचा राजा तुतानखामुनच्या थडग्यात १९२२ नंतर सहा रथ मिळाले, सगळे सुटे करून ठेवलेले, वाट अरुंद म्हणून आस (दोन चाकं जोडणारा दांडा) चक्क करवतीने कापलेले. इजिप्तच्या रथात उभं राहायला फळी नसायची, चामड्याच्या पट्ट्या बाजेसारख्या विणलेल्या असायच्या, म्हणजे हादरे कमी.

आता हा खटाटोप का, तर घोड्यावर बसून धनुष्य चालवणं तेव्हा नीट जमत नव्हतं, लगाम धरायचा की बाण मारायचा? असिरियाची (आजच्या इराकमधलं जुनं साम्राज्य) इ.स.पू. ९व्या शतकातली शिल्पं बघा, स्वार जोडीने जातात, एक जण दोन्ही घोड्यांचे लगाम धरतो आणि दुसरा बाण मारतो. म्हणजे रथातलीच जोडी, फक्त खालचा रथ काढून टाकलाय. पुढे एकट्या स्वाराला दोन्ही जमायला लागलं आणि रथाचा हिशोबच बसेना, दोन-चार घोडे, सारथी, सुतार, वर सपाट मैदान पाहिजे.

झेलमपार
सपाट आणि कोरडं मैदान म्हणा. इ.स.पू. ३२६, झेलमच्या काठी रात्रभर पाऊस, अलेक्झांडर नदी उतरला तेव्हा त्याला अडवायला पोरसने पोराला रथ देऊन पुढे पाठवलं. रथ चिखलात रुतले, पोरगा तिथेच मारला गेला. रोमन इतिहासकार कर्टियस लिहितो की पोरसच्या एकेका रथात सहा माणसं होती, दोन ढालवाले, दोन तिरंदाज, दोन हाकणारे. सहा! मग रुतणार नाही तर काय होणार. कर्णाचं चाक जमिनीने गिळलं तिथे शाप आहे हे मान्य, पण ते लिहिणाऱ्याने रुतलेला रथ डोळ्यांनी बघितला असणार असं आपलं माझं मत.

त्याच्या पाचच वर्षं आधी गौगामेलाच्या लढाईत इराणच्या दारयवहू राजाने पाती लावलेले रथ सोडले होते, अलेक्झांडरचे लोक सरळ बाजूला सरकले आणि रथ मधून निघून गेले 😄 तरी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रथाध्यक्ष, म्हणजे रथखात्याचा अधिकारी, आहेच. सरकारी खातं एकदा उघडलं की बंद होतंय का कधी.

प्रवरेकाठची
सिनौलीचं सांगते. २०१८ ला उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्यात दफनांमधे गाड्या मिळाल्या, साधारण इ.स.पू. २००० च्या आसपासच्या, ते खरंच जबरदस्त आहे. पण चाकं भरीव, त्यावर तांब्याचे त्रिकोणी तुकडे बसवलेले, आरे (चाकातल्या काड्या) नाहीत. घोड्याची हाडंही नाहीत. म्हणून रथ म्हणायचं की बैलगाडी यावर अभ्यासकांचं अजून वाजतंय. ऋग्वेदातला रथ घोड्यांचा आणि आऱ्यांच्या चाकाचा. तसल्या चाकांचे सगळ्यात जुने ठसे मिळालेत रशियात उरल पर्वताच्या दक्षिणेला सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत, तेही साधारण त्याच काळातले. तेव्हा त्या फॉरवर्डवरून महाभारत सिद्ध वगैरे काही होत नाही.

आणि लोकहो, आपल्या दायमाबादला विसरू नका. श्रीरामपूर तालुक्यात १९७४ ला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या, हत्ती, गेंडा, म्हैस आणि एक रथ. ४५ सेंमी लांब, दोन बैल जुंपलेले, वर माणूस उभा. काळाबद्दल वाद आहे, बरेच जण उत्तर हडप्पा (म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या) काळातला धरतात. यावर मात्र एक फॉरवर्ड येत नाही कधी.

कट्ट्यावरचा
बापरे, दायमाबाद माहितीच नव्हतं. भावाला पाठवतो, त्यानेच ते सिनौलीवालं टाकलं होतं. घोड्यांचा जुना रथ आपल्याकडे कुठे बघायला मिळेल का?

आडवाटेचा
भाजे लेणी. लोणावळ्याजवळच्या मळवली स्टेशनला उतरा, तिथून जवळच. तिथल्या विहारात रथात बसलेला सूर्य कोरलाय, निदान बहुतेक जण तरी त्याला सूर्यच म्हणतात, कोणार्कच्या कितीतरी शतकं आधीचा. बहुतेक पब्लिक चैत्यगृहापुढे सेल्फी काढून परत फिरतं, तुम्ही तसंच दक्षिणेच्या टोकापर्यंत चालत जा.