मदत हवी आहे : वर्डस्टारमधून नव्या कॉम्प्युटरवर प्रिंट निघत नाही (डॉट मॅट्रिक्स)

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टर्किश टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि तिथे आमचे दिवाणजी काका गेली तीसेक वर्षं पॅकिंग लिस्ट, पार्टीची पत्रं, गाठींचा हिशेब असं सगळं वर्डस्टार ३.३ (विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टिमवरचा टायपिंगचा प्रोग्रॅम) मध्येच टाइप करतात. जुन्या मशीनचा मदरबोर्ड मागच्या महिन्यात गेला. हार्डडिस्क वाचली म्हणून फाइल्स सगळ्या शाबूत आहेत, पण नवीन मशीन विंडोज ११ चं आणि ते ६४ बिट, म्हणजे १६ बिटचे डॉसचे प्रोग्रॅम त्यावर थेट चालतच नाहीत.

मग डॉसबॉक्स (विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्रॅम चालवून देणारा प्रोग्रॅम) टाकला. वर्डस्टार उघडलं, काकांनी कंट्रोल के डी मारून फाइल सेव्ह केली आणि माझ्याकडे बघून इतके हसले की काय सांगू, दोन आठवडे बिचारे हाताने कार्बन लावून लिहीत होते.

अडलंय ते प्रिंटवर. प्रिंटर १३२ कॉलमचा आहे, पॅरलल पोर्टचा, आणि नव्या मशीनला तो पोर्टच नाही, म्हणून यूएसबी टू पॅरलल केबल आणली, विंडोजमध्ये 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर टाकला तर नोटपॅडमधून झकास छापतो. वर्डस्टारमधून मात्र कंट्रोल के पी केलं की स्क्रीनवर छापतोय असं दिसतं आणि प्रिंटरचं डोकं जागचं हलत नाही. नेट यूज कमांडने एलपीटी१ (म्हणजे पॅरलल पोर्टचं नाव) शेअर केलेल्या प्रिंटरला जोडून पाहिलं, विंडोजच्या काळ्या खिडकीतून चाललं, डॉसबॉक्सला पत्ताच नाही.

कृपया 'वर्डमध्ये कन्व्हर्ट करा' असं सांगू नका, दुकानदाराने तेच सांगितलं होतं. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर जवळपास प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर भलतंच दिसतं. आणि काका सत्तरी ओलांडलेले, त्यांच्या बोटांना जे पाठ आहे ते मी का मोडू? लेझरही नको, कारण एकाच दणक्यात तीन कॉप्या लागतात, एक ट्रान्सपोर्टला, एक पार्टीला, एक आपल्याला. कुणी केलंय का हे?

प्रतिसाद :
ताई, आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात हेच केलंय. साधा डॉसबॉक्स गेम्ससाठी बनवलाय, त्यात प्रिंटर नाहीच, तो स्वतःचंच एक खोटं मशीन उभं करतो म्हणून विंडोजचा एलपीटी१ त्याला दिसत नाही. डॉसबॉक्स एक्स (त्याचंच वाढवलेलं रूप) घेतलात तर त्यात पॅरलल पोर्टची सोय आहे. पण त्याआधी सोपं करून बघा. प्रिंट देताना वर्डस्टार विचारतो 'डिस्क फाइल आउटपुट', तिथे वाय दाबा आणि फाइलला नाव द्या. ती फाइल विंडोजच्या फोल्डरमध्ये येते, तिथून कॉपी कमांडने शेअर केलेल्या प्रिंटरच्या नावावर पाठवा. कमांडमध्ये स्लॅश बी लावायला विसरू नका, नाहीतर मध्ये कंट्रोल झेडचा कोड (फाइल संपल्याची खूण) आला की कॉपी तिथेच थांबते.
ते शेवटचं अक्षर बिघडतं त्याचं कारण म्हणजे जुना वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरतो. फाइल खराब नाही, घाबरू नका. प्रिंटला पाठवताना तो स्वतःच ते साफ करतो.

धागाकर्ती :
दादा, निघालं! आज दुपारी पहिली पॅकिंग लिस्ट तीन कॉप्यांत छापली, बोल्डसुद्धा आलं कारण तो एकाच ओळीवर दोनदा ठोकतो. फक्त दुसऱ्या पानापासून मजकूर एकेक इंच वर सरकत होता. मी प्रिंटरच्या सेटिंगात तास घालवला आणि काकांनी लांबूनच विचारलं, कागद कोणता लावलास? नवीन बॉक्स १२ इंची निघाला, म्हणजे ७२ ओळी, आणि वर्डस्टार ६६ धरून चालतो. काकांनी फाइलच्या वर .पीएल ७२ (पान ७२ ओळींचं धर, अशी सूचना) टाकलं आणि सहाही पानं बरोबर फाडणीवर बसली.

आता एवढंच राहिलंय की ती कॉपीची कमांड काकांना दर वेळी टाइप करायला लागू नये. डेस्कटॉपवर बॅच फाइल (आधीच कमांड लिहून ठेवलेली फाइल) ठेवायची म्हणतेय, पण काका प्रत्येक फाइलला पार्टीचं नाव देतात, तर फोल्डरमधली सगळ्यात नवी फाइल आपोआप उचलून छापेल असं लिहिता येतं का? शनिवारी सकाळी माल निघायचाय.