‘मिसइन्फर्मेशन’ आणि ‘डिसइन्फर्मेशन’ यांना मराठी शब्द हवे आहेत

मधली ओळ
तालुका पातळीवरचे बातमीदार आणि पहिल्यांदा मतदान करणारे तरुण यांच्यासाठीच्या एका पुस्तिकेचा मी सध्या अनुवाद करते आहे. युनेस्कोने पत्रकारांसाठी २०१८ मध्ये काढलेल्या पुस्तिकेतली विभागणी तिच्यात घेतली आहे. मजकूर खोटा असूनही पुढे पाठवणाऱ्याला तो खरा वाटत असेल, तर ती मिसइन्फर्मेशन. खोटे आहे हे ठाऊक असून पसरवले, तर डिसइन्फर्मेशन. माहिती खरी, पण कोणाला तरी इजा व्हावी म्हणून बाहेर काढलेली, तर मालइन्फर्मेशन. मी ‘चुकीची माहिती’, ‘खोटी माहिती’ आणि ‘घातक माहिती’ असे लिहिले होते. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘अपमाहिती’, ‘कुमाहिती’ आणि ‘दुर्माहिती’ असे केले. वडिलांना वाचून दाखवले, तर ‘कुमाहिती’ ऐकून त्यांनी “कोणाची माहिती?” असे विचारले. जाणकारांनी कृपया मदत करावी, या तीन शब्दांचा तक्ता शुक्रवारी छपाईला जायचा आहे.

शब्दवेल्हाळ
कानाला नवा लागतो म्हणून शब्द वाईट ठरत नाही. सावरकरांनी रूढ केलेला ‘महापौर’ आज कोणालाही खटकत नाही, आणि ‘दिनांक’ तर आपण दररोज लिहितो. ‘चुकीची’ आणि ‘खोटी’ ही विशेषणे बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात, त्यामुळे आपला तक्ता वाचकाला काहीच वेगळे सांगणार नाही. डिसइन्फर्मेशनसाठी मात्र ‘अपप्रचार’ हा तयार शब्द असताना ‘कुमाहिती’ कशाला हवी, हे मलाही कळले नाही. हिंदीतला ‘दुष्प्रचार’ तेवढा उचलू नये.

खिळेजुळारी
‘अपप्रचार’ मोहिमेला शोभतो, एकट्यादुकट्या निरोपाला नाही. माझे आयुष्य छापखान्यात गेले. तिथे ‘अफवा’, ‘आवई’, ‘हूल’, ‘भुमका’, ‘वदंता’, ‘कंडी’, ‘वावडी’, ‘पुडी’ आणि ‘लोणकढी’ असे सगळे शब्द हाताखालून गेले, आणि त्यांपैकी एकही शब्द हेतू सांगत नाही. हेतू आपल्याकडे क्रियापद सांगते. अफवा ‘उठली’ म्हणजे कोणी उठवली ते ठाऊक नाही, कदाचित कोणीच मुद्दाम उठवली नसेल; अफवा ‘उठवली’ म्हटले की त्यामागे एक माणूस आणि त्याचा डाव दोन्ही आले. कंडी पिकते आणि पिकवली जाते, पुडी सुटते आणि सोडली जाते. इंग्रजीने जे काम उपसर्गावर टाकले आहे, ते मराठी ‘उठणे’ आणि ‘उठवणे’ यांच्यातल्या एका ‘व’वर भागवते. ‘अफवा’ हा शब्दही मुळात अरबीतले ‘तोंड’ या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन आहे, म्हणजे एका तोंडाची अफवा होतच नाही. आणि ‘कंडी’चा ‘कंडू’शी, म्हणजे खाजेशी, संबंध असावा असे मला वाटते; हा तर्क माझा, कोणी कोशाचा आधार मागू नये.

खानदेशी
हा ‘व’ देखणा आहे, पण आमच्याकडे तो कमी पडला. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले होते आणि तिथेच मारहाण झाली. त्याआधी कित्येक दिवस तसल्या चित्रफिती भागातल्या जवळजवळ प्रत्येक फोनवर फिरत होत्या, माझ्याही. मी त्यातली एक बहिणीला पाठवली होती, खाली ‘लेकरांना सांभाळ’ असे लिहून. आता सांगा, माझ्या हातून अफवा ‘उठली’ की मी ‘उठवली’? आई ‘धाडलं’ म्हणते, पोरे ‘फॉरवर्ड मारला’ म्हणतात, आणि दोन्हींत दोष कुठेच नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, म्हणजे कंपनीने उठवणाऱ्याला नव्हे, तर पुढे ढकलणाऱ्याला आवरले. ताईंच्या तक्त्यातला पहिला रकाना माझ्यासारख्यांचा आहे. त्याला नाव हवे, पण ‘चुकीची माहिती’ इतके सोवळे नको.

कायद्याचा वाचक
कायद्यातही हीच दोन माणसे आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये, पूर्वीच्या ५०५ प्रमाणेच, जनतेत भीती पसरवण्याच्या ‘हेतूने’ केलेले विधान जसे येते, तसेच ज्यातून ती पसरण्याचा ‘संभव’ आहे असे विधानही येते. मात्र शब्दांची हौस जपून करावी. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याच पथकाकडे घेतला होता. विनोदवीर कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड आणि इतर काही जण त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले आणि सप्टेंबरमध्ये तिसऱ्यांच्या मताने ती दुरुस्ती रद्द झाली. हे तीन शब्द व्याख्येवाचून मोघम आहेत, हे त्यामागचे एक कारण होते. उद्या ‘कुमाहिती’ कोणाच्या हाती पडेल, याचाही विचार व्हावा.

निवृत्त कारकून
विषय निघालाच आहे, तर ‘खुलासा’ या शब्दाचे काय झाले तेही पाहावे. आमच्या कचेरीत ‘तीन दिवसांत खुलासा सादर करावा’ असा कागद टेबलावर पडला की माणसाचे जेवण जात असे. खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. हिंदी वाहिन्यांनी त्याचा गौप्यस्फोट केला, आणि मराठीनेही तो मुकाट्याने गिळला. एका निवडणुकीत मतदानाची तारीख पुढे गेल्याची आवई उठली, म्हणून आमच्या अधिकाऱ्यांनी दोन ओळींचे पत्रक काढले: तारीख तीच आहे. एका स्थानिक वृत्तवाहिनीने त्यावर ‘मतदानाबाबत अधिकाऱ्यांचा धक्कादायक खुलासा’ अशी पट्टी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता खिडकीशी पंधरा-वीस माणसे उभी होती. डोक्यावरून पदर घेतलेल्या एक आजी मतदार चिठ्ठी पिशवीत घालून आल्या होत्या आणि “आता ही परत द्यायची का?” असे विचारत होत्या. पत्रकात एक अक्षर खोटे नव्हते, बातमीत एक अक्षर खोटे नव्हते. हे ताईंच्या कोणत्या रकान्यात बसते?

शब्दवेल्हाळ
कारकूनसाहेबांशी पूर्ण सहमत. गौप्यस्फोटाला ‘गौप्यस्फोट’ म्हणावे, किंवा सरळ ‘उघडकीस आणले’ म्हणावे.

खिळेजुळारी
वापर बदलला तो बदलला, आता नदी उलटी वळवू नये. मला खरी खंत आहे ती ‘दुरुस्ती’ची. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेनुसार चूक लक्षात येताच ती ठळकपणे दुरुस्त करायची असते, आणि गंभीर असेल तर दिलगिरीही छापायची असते. आमच्याकडे पहिल्या पानावरच्या चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर, निधनवार्तेच्या खाली, सहा पॉइंटात जात असे. ती चौकट मी स्वतःच जुळवलेली आहे. मोबाइलवर तर तेवढेही उरलेले नाही. मजकूर गुपचूप बदलतात, आणि आधीच्या मजकुराचे पडदाचित्र (स्क्रीनशॉट) मात्र गावभर फिरत राहते.

कायद्याचा वाचक
मजकूर बदलण्यासाठी आपल्याकडे ‘ध चा मा करणे’ आहेच. डिसइन्फर्मेशनला याहून नेमका शब्दप्रयोग कोणता?

निवृत्त कारकून
नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला हे खरे. पण आनंदीबाईंनी चिठ्ठीतल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही गोष्ट सिद्ध झालेली नाही. सिद्ध न झालेल्या आरोपावर उभा असलेला वाक्प्रचार पत्रकारांना नीतिमत्ता शिकवायला वापरावा, हे मला रुचत नाही.

मधली ओळ
सर्वांचे आभार. ‘उठली आणि उठवली’ हे तक्त्यात घ्यावे असे वाटते, पण रकान्याच्या डोक्यावर क्रियापद चालेल का? तिसऱ्या रकान्याला, म्हणजे खरी पण इजा करण्यासाठी वापरलेली माहिती, अजून कोणीच हात लावलेला नाही. ‘कागाळी’ चालेल का? तोवर पहिल्या दोन रकान्यांत ‘उठलेली वावडी’ आणि ‘उठवलेली वावडी’ असे लिहून पाहते.

शब्दवेल्हाळ
वावडी म्हणजे पतंग. ती उठवत नाहीत, उडवतात.

खानदेशी
आमच्याकडे वावड्या उठवतातच.