लोजबानमधली अक्षर-सर्वनामं आणि 'संदिग्धता नाहीच' हा दावा

तर्कटबुवा (धागालेखक)

लोजबान म्हणजे तर्कशास्त्राच्या पायावर मुद्दाम घडवलेली कृत्रिम भाषा. परवा भाषाप्रेमींच्या एका गटात एकाने ठणकावून लिहिलं: "मराठीत 'रमेशने सुरेशला त्याची छत्री दिली' म्हटलं की छत्री कोणाची ते देव जाणे. लोजबानमध्ये संदिग्धतेला जागाच नाही." तिथे 'असं काही नाही हो' एवढंच लिहिलं, पण डोकं काही शांत होईना. म्हणून हा धागा.

लोजबानमध्ये व्यंजनाचं नाव म्हणजे ते व्यंजन, त्याला चिकटलेला पुसट अ आणि पुढे किंचित विराम. थोडक्यात आपला ब, द, ग. हीच अक्षरं सर्वनामं म्हणूनही चालतात. 'लो गेर्कु शु बात्शि लो म्लातु', कुत्रा मांजराला चावला. पुढच्या वाक्यापासून 'ग' म्हणजे कुत्रा, 'म' म्हणजे मांजर. इथवर झकास.

आता हे बघा: 'लो नान्मु शु विस्का लो निन्मु'. पुरुषाने स्त्रीला पाहिलं. त्यापुढे 'न प्रामि न'. कोण कोणाच्या प्रेमात पडलं? नान्मु पुरुष, निन्मु स्त्री, नान्ला मुलगा, निख्लि मुलगी. अख्खं घर 'न'वर! वडील पात्फु, मित्र पेन्दो आणि माणूस प्रेनु हे तिघं 'प'वर. गोष्टीत लागणारी पात्रंच एका अक्षरात कोंबली आहेत. आमच्या गावठी मराठीत 'त्याचं तिच्यावर प्रेम बसलं' म्हटलं की संपलं.

पार्सरपंत

धागालेखक दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करत आहेत आणि हे दर सहा महिन्यांनी कोणीतरी करतंच. लोजबानचा दावा वाक्यरचनेपुरता आहे. कुठलंही वाक्य घ्या, त्याची फोड एकाच प्रकारे होते. 'न प्रामि न' पार्सरमध्ये, म्हणजे वाक्याची फोड करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाका, फोडीचं एकच झाड मिळेल. तो 'न' कोण, हे सांगायचं वचन व्याकरणाने कधी दिलंच नव्हतं. गटातल्या महाशयांनी न वाचता लिहिलं, त्याचं खापर भाषेवर का?

आणि सोय आहे की. 'लो नान्मु गोय कोहा' म्हणा, तिथून पुढे कोहा म्हणजे तोच पुरुष. कोहा आणि फोहा या दोन मालिका मिळून अशी दहा सर्वनामं आहेत.

ता. क. 'रमेशने सुरेशला आपली छत्री दिली' म्हटलं की छत्री रमेशचीच. मराठीही एवढी भाबडी नाही.

तर्कटबुवा

'आपली छत्री' मान्य. तेवढंच मान्य.

गोय लावायचं तर हा माणूस पुढे पुन्हा येणार हे मला आधीच ठाऊक हवं. लिहिताना जमेल. बोलताना कोण एवढा हिशेब ठेवतो?

शिवाय रचनेपुरता दावा म्हणताय, तर रचनेचंच घ्या. ब ही वस्तू श या माणसाला दिली, म्हणून मी 'मि दुन्दा ब श' म्हटलं. तुमचं व्याकरण त्यातून 'बश' नावाचं एकच सर्वनाम करतं. मधे 'बोय' हा दोन सर्वनामं तोडणारा शब्द घालायचा राहिला की घेणारा गायब! अक्षरापाठोपाठ आकडा आला तरी तेच. 'ग रे म्लातु'मधला 'रे', म्हणजे दोन, 'ग'ला जाऊन चिकटतो आणि मांजरं आकड्यावाचून उघडी पडतात.

पार्सरपंत

हो, चिकटतो. पण कायम एकाच प्रकारे चिकटतो. याला संदिग्धता म्हणत नाहीत, तुमची चूक म्हणतात.

दस्तवाले वकील

लोजबानचा ल कळत नाही, पण हा रोग ओळखीचा आहे. खरेदीखतात आम्ही पहिल्याच पानावर नाव, वय, धंदा, पत्ता लिहून पुढे 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असं ठरवून टाकतो. तुमचं ते गोय हेच असावं. त्यावर कधी वाद झालेला पाहिला नाही. वाद होतो तो 'सदर'वर.

एक वाटपपत्र माझ्याकडे आलं होतं. दोन भाऊ, दोन गट नंबर, दोन्ही एकाच परिच्छेदात. खाली ओळ: 'सदर मिळकतीतील विहिरीचे पाणी उभयतांनी पाळीपाळीने घ्यावे.' विहिरी दोन्ही गटांत. एकीला बारमाही पाणी, दुसरी माघातच तळ दाखवणारी. धाकटा म्हणे सदर म्हणजे शेवटी लिहिलेला गट, थोरला म्हणे ज्याचं वर्णन चाललंय तो. ज्यांनी दस्त लिहिला ते केव्हाच वारले होते. दोन्ही भावांचे केस पांढरे झाले, दावा चालूच. तेव्हा पार्सरपंत, 'वाक्याची फोड एकच होते' हे त्या धाकट्याला सांगून बघा.

खारीक

वकीलसाहेब __/\__ 'सदरहू', 'उपरोक्त', 'वर नमूद केलेप्रमाणे' या तिघांना पहिल्यांदा तडीपार करा. आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात 'सदर सभासदाने सदर ठरावास सदर कारणास्तव विरोध केला' असं लिहिलेलं आहे. मीच तो सदर सभासद.

सुरभारती

मुळात नव्या भाषा पाडण्याची ही पाश्चात्त्यांची हौस कशासाठी? जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ मध्ये लॉगलान सुरू केली, १९८७ मध्ये त्यांच्याच अनुयायांनी फुटून लोजबान काढली, पुढे लॉगलान या नावाच्या हक्कावरून कोर्टबाजी. आणि इकडे पाणिनीने अडीच हजार वर्षांपूर्वी असं शास्त्र रचून ठेवलंय की त्यात एक अक्षर संदिग्ध नाही. संगणकाला संस्कृतच योग्य हे नासानेही मान्य केलंय.

पार्सरपंत

आला, नासा आला! वाटच बघत होतो.

१९८५ मध्ये रिक ब्रिग्ज यांचा एक लेख 'एआय मॅगझीन'मध्ये आला. लेखक नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संशोधन संस्थेत होते, नासाचा संबंध तेवढाच. आपल्या शास्त्रकारांची वाक्यार्थ मांडायची रीत आणि संगणकवाल्यांची अर्थजाळी यांची त्यांनी तुलना केली. नासाने ठराव बिराव काही केला नाही. लेख वाचलाय का, की फॉरवर्डच?

सुरभारती

परक्याने पाठ थोपटली तरच तुम्हाला आपलं पटतं, आणि थोपटली तर म्हणायचं पुरावा द्या. तुमची ती लोजबान सफाईने बोलणारी माणसं एका एसटीत मावतील. तीही लाल डब्यात. चालू द्या.

उपधा

सुरभारती, मी संस्कृतच शिकवते, म्हणून 'एक अक्षर संदिग्ध नाही' हे वाचून राहवलं नाही. शिवसूत्रं, म्हणजे पाणिनीची वर्णांची यादी, म्हणून बघा. प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक खुणेचं व्यंजन असतं, आणि एखादा वर्ण व पुढची खूण जोडली की मधल्या सगळ्या वर्णांचं नाव होतं. पहिलं सूत्र अइउण्, सहावं लण्. ण् दोनदा आला. मग 'अण्' म्हणजे अ, इ, उ एवढेच, की थेट ल पर्यंतचे सगळे? हा प्रश्न कोणा पाश्चात्त्याने काढलेला नाही, पाणिनीवर महाभाष्य लिहिणाऱ्या पतंजलीनेच लण् सूत्रावर घेतलाय. उत्तर दिलं, 'व्याख्यानतो विशेषप्रतिपत्तिर्न हि सन्देहादलक्षणम्'. नेमकं काय ते व्याख्यानावरून ठरवा, शंका आली म्हणून सूत्र निकामी होत नाही. मग परंपरा सांगते की अण् पहिल्या ण् पर्यंत, फक्त 'अणुदित्सवर्णस्य चाप्रत्ययः' या सूत्रात दुसऱ्या ण् पर्यंत. इण् मात्र नेहमी दुसऱ्या. काशीला राहिलेल्या आपल्या वैयाकरण नागेशभट्ट काळ्यांनी परिभाषांमध्ये, म्हणजे सूत्रांचा अर्थ लावायच्या नियमांमध्ये, हीच पहिली घेतली आहे, कारण तिच्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही.

सुरभारती

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण ती उणीव नव्हे, ते लाघव आहे, कमीत कमी अक्षरांत सांगण्याची कला.

तर्कटबुवा

वा! पाणिनीने केलं की लाघव आणि लोजबानने केलं की हौस.

पार्सरपंत

बुवा, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात? अहो, हेच तर मी म्हणतोय. ण् दोनदा येऊनही शास्त्र चाललं, तसाच 'न'सुद्धा चालतो. ऐकणारा संदर्भावरून ठरवतो.

उपधा

नाही हो पंत, फरक आहे. पाणिनीची सूत्रं चार हजारांच्या आत, ठरलेली. प्रत्येकीवर भाष्य, त्यावर टीका, त्यावर टीका. एकेक अण् मोजून त्याचा निकाल लावून ठेवलाय. बोलत्या भाषेत रोज नवी वाक्यं होतात, प्रत्येक 'न'पाठी पतंजली कुठून आणायचा?

पार्सरपंत

...ठीक. हा मुद्दा चांगला आहे. बुवांनी पहिल्याच प्रतिसादात असं काही लिहिलं असतं तर एवढं टंकावं लागलं नसतं.

तर्कटबुवा

म्हणजे मुद्दा बरोबर, फक्त मी मांडला म्हणून चूक. आभारी आहे.

मीही एक देऊन टाकतो. आपल्या 'आपण' आणि 'आम्ही'साठी लोजबानमध्ये मिहो आणि मिहा अशी वेगळी सर्वनामं आहेत, आणि इंग्रजीवाले बिचारे एकाच 'वी'वर भागवतात, हे बघून लोजबानबद्दल प्रेम वाटतं. नसतं तर शिकलोच नसतो. पण 'न'चं काय करू ते सांगा.

खारीक

दोन अक्षरं लावा ना. अक्षरांची माळ चालते म्हणालात. नान्मुला न-आ, निन्मुला न-ई.

पार्सरपंत

चालतं. अनुक्रमे 'न आबू' आणि 'न ईबू', स्वराचं अक्षर-नाव करायला 'बू' लावतात. काळं कुत्रं म्हणजे 'लो ख़ेक्रि गेर्कु' असेल तर 'ख़ग' करतात, तसंच. एकापाठोपाठ एक आले तर मधे बोय विसरू नका.

तर्कटबुवा

मोजा. न-आ-बू, तीन अवयव. लो-नान्-मु, तेही तीन. सर्वनामाने वाचवलं काय?

पार्सरपंत

मग सरळ 'लो नान्मु' म्हणा! अक्षर वापरायची सक्ती कोणी केली होती?

उपधा

दुसऱ्यांदा 'लो नान्मु' म्हटलं तर तो पहिलाच पुरुष असेल, याची हमी तुमचं व्याकरण देतं का?

पार्सरपंत

देत नाही.

दस्तवाले वकील

नाव, वय, धंदा, पत्ता. पहिल्या पानावर. आधारची प्रत जोडून.