नंबर थिअरी: गणितं सुटतात, पण प्रूफ लिहिता येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरची, बीएस्सी मॅथ्स करतेय आणि ह्या सेमला नंबर थिअरी (पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास) आहे. विषय मनापासून आवडतो ओ. युक्लिडच्या रीतीनं ४३ भागिले १७ करत खाली गेले आणि उलट वर येत १७ चा ४३ साठीचा व्यस्त (ज्यानं १७ ला गुणून ४३ ने भागलं की बाकी १ उरते ती संख्या) ३८ निघाला, १७ × ३८ = ६४६ म्हणजे ४३ × १५ अधिक १, पडताळून बघितलं तेव्हा लई भारी वाटलं.

पण प्रूफ लिहा म्हटलं की पेनच हलत नाही. काल संध्याकाळी रंकाळ्यावर बसून वहीत वर्गांच्या बाक्या मांडल्या. ५, १३, १७ ला भागलं तर कुठल्यातरी वर्गाची बाकी -१ येते (५ चा वर्ग २५, १३ ने भागून १२ उरतात, १३ ला एक कमी, म्हणजेच -१), पण ७, ११, १९ ला काही केल्या येत नाही. २ सोडली तर ४ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्यांनाच जमतं हे दिसतंय, पण का? फर्माचं छोटं प्रमेय (p मूळ संख्या असेल आणि a ला p ने भाग जात नसेल, तर a च्या (p-१) व्या घाताला p ने भागून बाकी १ उरते) वापरायचं एवढंच वर्गात सांगितलं आणि शिकवणारे पुढं गेले.

कुणी पहिली पायरी तरी मराठीत समजावून सांगाल का? आख्खं उत्तर नको, नुसती दिशा द्या, पुढचं मी करून दाखवते.