फोडा आणि झोडा, पण पुढची पस्तीस वर्षं?

श्रीलंकेतल्या सिंहली-तमिळ यादवीचं मूळ इंग्रजांच्या फोडा-झोडा नीतीत आहे, हे मला अर्धंच पटतं. मिशनरी शाळांमुळे जाफन्यात, म्हणजे उत्तरेकडच्या तमिळबहुल भागात, इंग्रजी लवकर आलं आणि सरकारी नोकऱ्यांत तमिळ लोकसंख्येच्या मानाने जास्त दिसू लागले, हे खरं. पण इंग्रज १९४८ मध्ये गेले आणि युद्ध पेटलं १९८३ मध्ये. मधल्या पस्तीस वर्षांचा हिशोब कोण देणार?

१९५६ मध्ये एकट्या सिंहलीला राजभाषा केलं. पुढच्याच वर्षी पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात तमिळांना सवलती देणारा करार झाला, पण १९५८ मध्ये बौद्ध भिक्षूंनी पंतप्रधानांच्या घरासमोर ठिय्या दिला आणि तो मोडीत निघाला. माझ्या मते वेळ तिथेच हुकली.

मग विद्यापीठ प्रवेश. मी सदाशिव पेठेत राहते. अभ्यासिकेत जागा धरायला सकाळी सहाला सॅक घेऊन उभी असलेली पोरं रोज बघते. त्यांना उद्या सांगितलं की, मराठीतून पेपर लिहिलात म्हणून मेडिकलला तुम्हाला जास्त मार्क लागतील, तर? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तमिळमधून पेपर लिहिणाऱ्या जाफन्यातल्या पोरांच्या वाट्याला नेमकं हेच आलं. बंदुका उचलणारी पहिली फळी याच वयाची होती. १९८१ मध्ये जाफन्याचं वाचनालय जाळलं गेलं, सुमारे ९७,००० पुस्तकं गेली, ताडपत्रांसकट. ते आठवलं की आजही पोटात तुटतं.

पण म्हणून तमिळ वाघांना, म्हणजे एलटीटीई या सशस्त्र संघटनेला, माफी नाही. अमिर्तलिंगम यांच्यासारख्या संसदीय मार्गाच्या तमिळ नेत्याला १९८९ मध्ये त्यांनीच मारलं.