प्रतिसाद: एकच कडुलिंब, वर्षभर

'सोलापुरात ऊन सोडलं तर ऋतूच नाहीत, झाडांचे फोटो काय काढणार?' असं तुम्ही विचारलंत. मला हे अजिबात पटत नाही. सिद्धेश्वर वनविहारात जाऊन कडुलिंबाचं एकच झाड निवडा आणि दर आठवड्याला त्याच जागेवरून, त्याच लेन्सने फोटो घ्या. फेब्रुवारीत पानं पिवळी पडून गळतात, मग तांबूस पालवी फुटते आणि पाडव्याच्या सुमारास पांढरा मोहोर! ती कोवळी पालवी उन्हाच्या विरुद्ध बाजूने बघा, अक्षरशः पेटल्यासारखी दिसते. मात्र सकाळी लवकर जा. नऊनंतर आपल्याकडचं आकाश पांढरंफटक होतं, रंग मरतात. आणि हो, एप्रिल-मेमध्ये बहावा चुकवू नका.